तीन बादल्या, एक गाडी

पहाटे सव्वापाच

शिपाईकाका टाकीवर चढले, झाकण सरकवून त्यांनी आत बॅटरी मारली आणि मी खालून विचारायच्या आत वरूनच सांगितलं, "बाई, काठोकाठ भरलीय." माझा जीव भांड्यात पडला. आज आम्हाला जवळजवळ दीड हजार लिटर पाणी लागणार होतं. तेवढं नसतं तर महिनाभराची सगळी तयारी वाया गेली असती.

दसऱ्याआधीचा रविवार. खंडेनवमीला घरोघरी गाड्या धुतात, पूजा करतात, झेंडूचे हार घालतात. त्याच्या आधीच्या रविवारी आमचं स्काऊट-गाईड पथक साताऱ्यात शाळेच्या आवारात लोकांच्या गाड्या धुऊन देतं. ही आमची खरी कमाई. ज्यांनी लहानपणी गळ्यात स्कार्फ बांधला असेल त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मुलांनी स्वतः काही काम करायचं, त्याचे पैसे घ्यायचे आणि ते पथकासाठी किंवा कुणा गरजूंसाठी वापरायचे. १९४९ साली ब्रिटनमधल्या स्काऊटांनी एका शिलिंगाला एक काम असा उपक्रम सुरू केला. शिलिंगाला तिकडे बोलीत 'बॉब' म्हणत, म्हणून त्याचं नाव पडलं 'बॉब अ जॉब'. आपल्याकडे त्याची खरी कमाई झाली, आणि मला हे नाव मूळ नावापेक्षा मोलाचं वाटतं. त्यातल्या 'खरी' या शब्दाला जागावं लागतं.

गेल्या वर्षी आम्ही जागलो नव्हतो. पाइप सोडून दिलेला, मुलं पाण्यात खेळतायत, साबण भांड्यांचा, फडकी घरून आणलेली जुनी-पुराणी. एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात धरल्यावर दिसावेत असे बारीक चरे उठले. साबणाचा फेस गटारातून सरळ ओढ्यात गेला. दहा वाजता निम्मी मुलं दमून पायरीवर बसली होती. तरीही पैसे जमले. लोक म्हणाले, "असू दे हो, लहान मुलं आहेत." ते वाक्य मला वर्षभर खुपत राहिलं. कौतुक म्हणून, दया म्हणून हातावर ठेवलेला पैसा कमाई नव्हे. गाडीवाल्याने आपली गाडी निरखून पाहावी आणि कामाचे पैसे द्यावेत, हे यंदा मी मनाशी धरलं होतं.

पैसे कशासाठी, हे मुलांनीच ठरवलं. दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू होतो. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या जिल्ह्यात येतात, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच्या काळोखात कोयता घेऊन फडात जातात आणि मागे थंडीत लहान पोरं असतात. त्यांच्यासाठी स्वेटर.

सकाळी साडेसहा

चोवीस मुलं आली. बारा स्काऊट, बारा गाईड, सहा-सहांचे चार संघ. प्रत्येकाच्या पालकांची सही केलेली चिठ्ठी फाइलला आहे. कुणाला साबणाने हाताला पुरळ येतं, कुणाला दमा आहे, तेही त्यात लिहून घेतलं आहे. अशी दोन मुलं निघाली, त्यांची कामं ओल्याऐवजी कोरडी ठेवली.

पहिलं काम मुलांना आवडत नाही. गणवेश नाही, पी.टी.चे कपडे. स्काऊटचा पट्टा म्हणजे मुलांचा जीव की प्राण, त्याचं पितळी बक्कल ते ब्रासो लावून चमकवतात. पण गाडीच्या दाराला टेकून टपाकडे हात लांबवला की तेच बक्कल रंगावर ओरखडा काढतं. गेल्या वर्षीच्या चऱ्यांत बक्कलांचाही वाटा असावा असा मला संशय आहे. बक्कलं, बांगड्या, घड्याळं, अंगठ्या सगळं स्टीलच्या डब्यात, नावाच्या चिठ्ठीसकट. स्कार्फ फक्त टेबलाशी बसणाऱ्यांनी घालायचा. पायात चप्पल नको, ओल्या फरशीवर ती घसरते. बूट किंवा मागून पट्टा असलेली सँडल.

सात

मुलांची उजळणी घेतली. शिकवणी कालच झाली होती, आणि शिकवणारे आमच्या शाळेतले कुणी नव्हते. नाक्यापलीकडे वॉशिंग सेंटर चालवणारे एक काका आहेत. महिन्यापूर्वी मी त्यांच्याकडे गेले ते खरं तर परवानगी मागायला. दसऱ्याच्या आठवड्यात त्यांचा चार पैशांचा धंदा होतो. आम्ही समोर शाळेत पन्नास रुपयांत गाड्या धुवायला बसलो तर कुणाच्या पोटावर पाय येतो, याचा विचार गेल्या वर्षी आम्ही केलाच नव्हता. ते हसले. म्हणाले, "बाई, दसऱ्याला माझ्याकडं गाड्या मावत नाहीत. तुम्ही खुशाल धुवा. पण पोरांना आधी माझ्याकडं पाठवा, नीट धुवायला शिकवतो." शनिवारी त्यांनी दोन तास दिले आणि चहाशिवाय काही घेतलं नाही.

त्यांची तीन वाक्यं मुलांना पाठ झालीत. वरून खाली यायचं, खालून वर जायचं नाही. गोल गोल घासायचं नाही, सरळ ओढायचं. आणि कपडा खाली पडला की मेला.

या तिसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांनी करून दाखवला. फडकं जमिनीवर टाकलं, उचललं, झटकलं आणि एका मुलीच्या तळहातावर चोळलं. ती "आई गं" म्हणाली. "तुला टोचलं ना? गाडीलापण टोचतं." धुळीतला रेतीचा कण पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणून आधी झारीने पाणी घालून धूळ भिजवायची, सुटी करायची, आणि मगच हात लावायचा. झारीची कल्पना मुलांची. शाळेच्या बागेत चार झाऱ्या पडूनच होत्या.

प्रत्येक गाडीला तीन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी फडकं खळबळून घ्यायला, तिसरी चाकांची. चाकांच्या बादलीला आणि फडक्याला लाल रिबीन बांधली आहे. चाकाला ब्रेकची काळी बारीक पूड चिकटलेली असते, ते फडकं दारावर गेलं की संपलं. भांड्यांचा साबण हद्दपार, कारण तो ग्रीस काढायला बनवलेला असतो आणि गाडीवरचं मेणही काढून नेतो. गाडीच्या शाम्पूचं एक झाकण एका बादलीला पुरतं.

पाइपचा हिशेब मुलांनी विज्ञानाच्या तासाला काढला होता. पंधरा लिटरची बादली आमच्या पाइपने एका मिनिटात भरते. गेल्या वर्षी एका गाडीला पाइप दहा मिनिटं तरी चालू असायचा, म्हणजे दीडशे लिटर. बादल्या आणि झारी मिळून चाळीस लिटरात काम होतं. फळ्यावर हे आकडे लिहिल्यावर पाइप हवा असं कुणी म्हटलं नाही.

आठ

एक लांब शिट्टी, सगळे स्तब्ध. प्रार्थना झाली आणि फाटक उघडलं.

मोटारींच्या तीन जागा आखल्या आहेत, प्रत्येकीला चार मुलं. दुचाकींच्या दोन जागा, प्रत्येकी तीन. असे अठरा जण, म्हणजे तीन संघ कामावर. चौथा संघ टेबल, पाणी आणि फडकी सांभाळतो. दर तासाला संघ फिरतो. बारापर्यंत प्रत्येक संघाच्या वाट्याला एक तास हलकं काम येतं, आणि मुलगे पाण्याशी, मुली फडक्यांशी अशी गेल्या वर्षी आपोआप झालेली वाटणीही मोडते.

मोटारींची कूपनं आधीच विकली होती. चोवीस मोटारी, प्रत्येकीला वेळ ठरवून दिलेली, दीडशे रुपये. दुचाकी पन्नास रुपये, थेट या. 'खुशीने द्याल ते' असा दर ठेवावा असं आमच्या काही शिक्षकांचं मत होतं, त्याने जास्त जमतं म्हणाले. जमतही असेल. पण दर ठरलेला असला की मुलाला आपल्या कामाची किंमत कळते आणि गाडीवाल्यालाही मागणी करता येते. वर काही द्यायचं असेल तर कुलूप लावलेली पेटी आहे.

पहिली गाडी आली ती कोरेगावकडची बोलेरो, दारांपर्यंत शेतातली माती. काकांनी उतरून किल्ली एका मुलाच्या हातात दिली. त्याने ती अदबीने परत केली. "काका, किल्ली तुमच्याकडंच ठेवा. गाडी पुढं-मागं तुम्हीच घ्यायची." हा नियम मोडायचा नाही. मुलं स्टिअरिंगला हात लावत नाहीत, बॉनेट उघडत नाहीत, गाडीच्या आत जात नाहीत. पायपुसणी मालकाने काढून द्यायची. जोराच्या फवाऱ्याचं मशीन एका पालकांनी देऊ केलं होतं, तेही मी घेतलं नाही. त्या धारेने कातडी फाटते.

धुण्याआधी गाडीभोवती एक फेरी. टेबलावरच्या मुलीजवळ गाडीचं साधं चित्र छापलेल्या चिठ्ठ्या आहेत. कुठे पोचा आहे, कुठे ओरखडा, ते मालकासमोर चित्रावर फुली करून दाखवायचं आणि सही घ्यायची. बोलेरोवर अकरा फुल्या झाल्या. काका म्हणाले, "एवढं मलापण माहीत नव्हतं!"

साडेनऊ

उन्हाने इमारतीची सावली मागे ढकलायला सुरुवात केली, तशा आम्ही जागाही भिंतीच्या बाजूने मागे घेतल्या. ऑक्टोबरचं ऊन वाईट. तापलेल्या पत्र्यावर साबण धुवायच्या आत वाळतो, त्याचे पांढरे डाग पडतात. सावली नसेल तर एका वेळी एकच दार करायचं, लगेच झारी, लगेच कोरडं फडकं.

फाटकाबाहेर पाटी घेऊन दोन मुलं उभी होती, त्यांना आत घेतलं. गाड्या थांबवायला रस्त्यावर मुलं नकोत, असं ठरलेलं असूनही उत्साहात ती पुढे सरकली होती. पाटी फाटकाला बांधली. बाहेर आमचे स्काऊटमास्तर सर एकटे उभे राहिले.

मी मधल्या जागेशी थांबले. तिथे आठवीतली एक मुलगी चाकापाशी उकिडवी बसली होती. वर्गात ती फारशी बोलत नाही. जुन्या टूथब्रशने ती चाकाच्या नटांभोवतीची खाच साफ करत होती. एक नट झाला की लाल रिबिनीच्या फडक्याने पुसायची, बोट फिरवून पाहायची, मग दुसरा. चार नट झाल्यावर व्हॉल्व्हचं टोपण. गाडीचा मालक मोबाइलवर बोलत उभा होता, त्याने बोलणं थांबवून ते पाहिलं. मग तोही खाली बसला आणि म्हणाला, "हे मी कधी पुसलं नाही बघ." ती म्हणाली, "मागच्या चाकाला अजून जास्त आहे, काका." तिने मान वर केली नव्हती. मला जे हवं होतं ते या दोन मिनिटांत मिळालं.

दहा

लागोपाठ आखूड शिट्ट्या, सगळे गोळा. वीस मिनिटं सुट्टी. या वेळेत एकाही गाडीला कूपन दिलेलं नाही. पोहे, केळं आणि मीठ-साखरेचं लिंबूसरबत. मुलांना भूक लागली आहे हे त्यांना स्वतःला उशिरा कळतं, आणि भुकेलं, दमलेलं मूल घाई करतं. गेल्या वर्षीचे चरे बहुतेक दहानंतरचेच होते.

हात दाखवायला सांगितले. रबरी मोजे असूनही काहींची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. खोबरेल तेलाची बाटली फिरली. एका मुलाच्या नखाजवळ चीर होती, त्याला पट्टी बांधून पाण्यावरून टेबलावर आणलं.

सव्वाअकरा

"बाई, कपडा मेला."

सातवीतला मुलगा, हातात फडकं, चेहरा रडवेला. पांढऱ्या गाडीचं दार पुसताना फडकं निसटून खाली पडलं, त्याने सवयीने उचलून एकदा फिरवलंही. मग आठवलं आणि थांबला. आम्ही दोघांनी दार तिरक्या उजेडात पाहिलं. बोटभर लांबीची एक फिकट रेघ होती. चित्रावर तिथे फुली नव्हती.

मालक बाजूलाच होते. मी काही बोलायच्या आत मुलगा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, माझ्याकडून रेघ आली." त्यांनी वाकून पाहिलं, अंगठ्याने चोळून पाहिलं. "पॉलिशने जाईल. तू सांगितलंस नसतं तर मला दिसलीपण नसती." त्यांचे दीडशे रुपये परत द्यायला मी निघाले, तर त्यांनी घेतले नाहीत. माझं मत आजही हेच आहे की असे पैसे आम्ही परत द्यायला तयार असलंच पाहिजे, आणि त्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवलेली असली पाहिजे. मेलेलं फडकं वेगळ्या टबात गेलं. असा टब ठेवला होता म्हणून मुलाला ते लपवावं लागलं नाही, असं मला वाटतं. दिवसभरात त्यात नऊ फडकी जमली.

एवढ्यात फाटकातून रिक्षा आत आली. रिक्षावाले काका म्हणाले, "माझी धुताय का? दसऱ्याला पूजा करायचीय." रिक्षाचा दर ठरवायचाच राहिला होता. संघनायकांनी बाजूला जाऊन चर्चा केली आणि ऐंशी रुपये सांगितले. त्यांनी शंभराची नोट दिली, वीस परत घेतले आणि ते पेटीत टाकले. नंतर ते अर्धा तास कट्ट्यावर बसून मुलांना हुडाची रेक्झीन कशी पुसायची ते सांगत होते.

बारा

बरोबर बाराला फाटक बंद. बाहेर तीन स्कूटर उभ्या होत्या. मुलं म्हणाली, "बाई, तेवढ्या घेऊ या ना." मी नाही म्हटलं. बारा म्हणजे बारा, पालकांना तीच वेळ सांगितली आहे. त्या तिघांना वॉशिंग सेंटरच्या काकांचा पत्ता दिला.

कूपन घेतलेल्या दोन मोटारी आल्याच नव्हत्या. "पैसे तर मिळालेत," असं एकजण म्हणाला, आणि बोलता बोलता स्वतःच थांबला. त्या दोन्ही घरी फोन केला. पुढच्या रविवारी त्या मोटारी धुवायला एक संघ जाणार, बादल्यांसकट.

साडेबारा

आवरण्याचं काम धुण्याइतकंच मोठं. आवाराच्या उताराला वाळूच्या पोत्यांचा आडवा बांध घातला होता. गाड्यांचं सगळं पाणी त्याने गटाराकडे न जाता कडेच्या चरातून गुलमोहराखालच्या मातीत मुरलं. आमच्या भागातले ओढे शेवटी वेण्णा-कृष्णेकडे जातात, वाटेत ते पाणी कुठे स्वच्छ होत नाही. साबणाचं पाणी माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही, आणि गाडीच्या पाण्यात नुसता साबण नसतो, तेल असतं, ब्रेकची पूड असते. जमिनीत यातलं बरंचसं अडतं. वाळूची पोती शेजारच्या बांधकामावरून उसनी आणली होती, ती पोचवून आलो.

फडकी तीन पाण्यांतून काढून दोरीवर वाळत घातली. दोरीला मुलांनी दोन्ही टोकांना गाठी मारल्या त्या पुस्तकातल्यासारख्या, सुटायला सोप्या. बक्कलांचा डबा उघडला, प्रत्येकाने आपापलं नेलं.

दुपारी दोन

पालक मुलांना घेऊन गेले, चारही संघनायक हिशेबाला थांबले. पैसे दोघांनी मोजायचे, तिसऱ्याने लिहायचं, चौथ्याने पावत्यांशी ताळा घ्यायचा. मी फक्त बसून होते.

मोटारींची कूपनं चोवीस, ३६०० रुपये. दुचाकींच्या पावत्या बत्तीस, १६००. रिक्षा ८०. बेरीज ५२८०. डब्यात निघाले ५२३०. पुन्हा मोजले. ५२३०. नोटा उलटसुलट करून, डबा झटकून, टेबलाखाली पाहून झालं. पन्नास रुपये कमी. एका स्कूटरची पावती फाडली आणि पैसे घ्यायचे राहिले, किंवा सुटे देताना चूक झाली.

गाईडच्या एका संघनायिकेने हळूच खिशातून पन्नासची नोट काढली. "मी टेबलावर होते तेव्हाच झालं असेल, बाई. मी घालते." तिची आई बाहेर थांबली होती, तीही म्हणाली, "पन्नासच रुपये आहेत, मी देते की." मी दोघींनाही नाही म्हटलं. ती नोट डब्यात गेली असती तर कागदावरचा आकडा जुळला असता, हिशेब जुळला नसता. दोघींना ते पटायला थोडा वेळ लागला. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं होतं, घालून टाकावी.

पेटीत २४१५ निघाले. शाम्पू, फडकी, मोजे, पोहे-सरबत मिळून खर्च १०६० झाला. हाती राहिले ६५८५.

सोमवार, सकाळी पावणेअकरा

शाळेच्या सूचना फलकावर हिशेबाचा कागद लागला आहे. अक्षर संघनायिकेचं. जमा, खर्च, शिल्लक, चार सह्या, आणि सर्वांत खाली वेगळ्या ओळीत: 'पावत्यांपेक्षा रोख पन्नास रुपये कमी आले. कारण सापडले नाही.'